देण्याआधीचं जेवण

४ ऑगस्ट

जुळलं.

लॅबमध्ये मोबाइल चालत नाही. जेवणाच्या सुटीत लॉकर उघडला तर तीन मिस्ड कॉल, मुंबईच्या हॉस्पिटलमधून. परत लावला. तिथल्या समन्वयक बाई बोलल्या, रक्तगट जुळतो, पुढची चाचणीही चांगली आली. म्हणजे माझी एक किडनी हरेशला चालेल. माझ्या अजून बऱ्याच तपासण्या बाकी. "पण सुरुवात चांगली आहे, ताई."

डबा खाल्ला का आठवत नाही. दुपारी उरलेले चार नमुने संपवून घरी.

हरेश माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बी.पी. आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही. गेल्या वर्षी मासेमारीच्या बोटीवर पाय सुजले, तपासलं, तोवर दोन्ही किडन्या गेलेल्या. आता सोम-गुरु पालघरला डायलिसिस, चार-चार तास.

नवऱ्याला सांगितलं. तो वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत होता. "बरं झालं," प्रदीप म्हणाला. मग त्याच पानावर बराच वेळ थांबला. गणिताचं पान, एवढा वेळ लागत नाही त्याला.

७ ऑगस्ट

आई आली गावाहून, दांडीहून. न सांगता. रिक्षातून उतरली ती बर्फातल्या मासळीचा डबा, तांदळाच्या पिठाची पिशवी आणि दोन किलो डिंक घेऊन. बोईसरला काय पीठ मिळत नाही? तसं बोलले तर ऐकून न ऐकल्यासारखं.

"सूनबाई हाय तिथं हरेशकडं, वर्षा. मी हितं ऱ्हाते. तुझं ऑपरेशन होईस्तवर."

"आई, तारीखसुद्धा ठरली नाही अजून."

"म्हणून तर. आंगात काय हाय तुझ्या? हाडं. जीवातला जीव काढून द्यायचा हाय, ता काय असाच निघंल?"

आमची सई खूश. आजी आली की तिचा अभ्यास बंद.

१० ऑगस्ट

काल आईसोबत दांडीला जाऊन राखी बांधून आले. हरेश खुर्चीत बसून होता. वर्षाने त्याच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली होती, खुणा केलेली. दिवसाचं पाणी तेवढंच, चहा धरून. मीठ नाही, नारळ नाही, केळं नाही. मला मात्र आईने नारळीभात वाढला, वर तूप, मग परत. हरेश बघत होता. वाईट नजरेने नाही. टीव्ही बघावा तसा.

म्हणाला, "ताई, कसा झालाय?"

"गोड झालाय जरा."

"आय गूळ जास्तच टाकते."

मी ताट संपवलं. त्याच्यासमोर टाकवेना.

त्याची बोट गेली समुद्रावर, चुलतभाऊ घेऊन गेला. इंजिनाचा आवाज आला तेव्हा हरेश उठला नाही.

१५ ऑगस्ट

रोजचं असं. उठल्यावर खारीक-बदाम घातलेलं दूध. कामावर जाण्याआधी दोन भाकऱ्या, तव्यावरची कोलंबी. डबा दुप्पट. आल्यावर डिंकाचे लाडू दोन. रात्री भात, पापलेटचं कालवण, भात. झोपताना पुन्हा दूध. नको म्हटलं की आई ताटाजवळून हलत नाही. बसून राहते.

मीही खाते. खरं सांगायचं तर भूक नसताना खाते. तोंडात घास असला की कुणी ऑपरेशनचं विचारत नाही.

चालणं बंद. आधी मी सकाळी अर्धा तास जायची. आई म्हणते, "कशाला दमतेस, ताकद जपून ठेव."

२१ ऑगस्ट

युनिफॉर्मचं वरचं बटण लागेना. वजन अडीच किलो वाढलंय. लॅबमधली शबाना म्हणाली, "मॅडम, चेहरा भरलाय, छान दिसता."

जेवल्यावर झोप येते. तीन वाजता मशीनसमोर बसलं की डोळे मिटतात. पूर्वी असं नव्हतं.

समन्वयक बाईंचा फोन. वडिलांना मधुमेह होता म्हणून माझी साखरेची मोठी चाचणी लागणार. उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, मग दोन तासांनी परत. ३ सप्टेंबर.

बाबा साखरेनेच गेले. पायाची जखम, मग पाय, मग ते. आठ वर्षं झाली.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. दांडीला सगळे. आईने उकडीचे मोदक केले, एकवीस देवाचे आणि बाकी बहुतेक माझे. सात खाल्ले. हरेशने एक हातात घेतला, वास घेतला, सईला दिला.

रात्री सूचनांचा कागद मेलवर आला, चाचणीच्या आधी काय करायचं, काय नाही. वाचला. फोन बंद करून ठेवला.

आज परत पाच मोदक.

३ सप्टेंबर

मुंबई. प्रदीपने रजा काढली. उपाशीपोटी रक्त दिलं. ग्लुकोजचं पाणी इतकं गोड की पुढचा घोट उतरेना. दोन तास बाकड्यावर. प्रदीप शेजारी पेपर वाचत होता, पान उलटत नव्हता.

येताना मनोरला चहा घेतला. मी साखर घालू नका सांगितलं. चहावाला हसला, "आज उपास का?"

५ सप्टेंबर

नापास.

उपाशीपोटी १०३. दोन तासांनी १७२. उपाशीपोटी इन्सुलिन २४, त्याच्यासमोर लाल बाण. समन्वयक बाई हळू आवाजात म्हणाल्या, सध्या तुमची फाइल थांबवावी लागेल. मधुमेहाच्या डॉक्टरबाईंना भेटून घ्या.

दुसरं कुणी नाही देणारं. आईचं वय झालं. वर्षाचा रक्तगट जुळत नाही. चुलतभावाने आधीच नाही म्हणून मान हलवली होती.

प्रदीप जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मग झालं तर. आपण प्रयत्न केला."

त्याचा हात हलका होता. महिनाभरात पहिल्यांदा.

आणि माझ्या छातीतलंही काहीतरी खाली बसलं. हे लिहिते आहे कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. फोन ठेवला तेव्हा मला पहिलं जे वाटलं ते दुःख नव्हतं.

८ सप्टेंबर

डॉक्टरबाई. पन्नाशीच्या, केस आखूड. रिपोर्ट दोनदा वाचला.

"तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा तुमचा चांगला आहे. जुलैमध्ये उपाशीपोटी साखर ८८ होती. म्हणजे हे जुनं दुखणं नाही. गेल्या महिन्यात काय केलंत?"

सांगितलं. दूध, लाडू, भात, मोदक, बंद केलेलं चालणं. प्रदीप बाजूला बसून ऐकत होता. एका दमात ऐकलं की किती वाटतं.

त्या कुलूप आणि किल्लीचं सांगायला लागल्या. मी म्हटलं, मी औषधकंपनीत केमिस्ट आहे, सरळ सांगा. मग त्यांनी कागद उलटा केला आणि चित्र काढलं. घरी येऊन माझ्या शब्दांत लिहून ठेवते.

जेवल्यावर इन्सुलिन रक्तातून स्नायूच्या पेशीपाशी येतं आणि तिच्या बाहेरच्या अंगावरच्या एका प्रोटीनवर बसतं. स्वतः आत जात नाही. आत एक प्रोटीन दुसऱ्याला फॉस्फेट लावतं, दुसरं तिसऱ्याला, असा निरोप पुढे जातो. शेवटी पेशीच्या पोटात थांबलेली वाहक प्रोटीनं वर येतात, कातडीपर्यंत, आणि साखर आत ओढतात. निरोप पोचला नाही तर वाहक खालीच राहतात. साखर रक्तात.

आता जास्तीचं खाणं. स्नायूला लागतं त्याहून कितीतरी जास्त रोज येतंय आणि मी बसून. काही चरबी स्नायूच्या आतच साठते, तिचे अर्धवट तुकडे निरोपाच्या साखळीतल्या दुसऱ्या प्रोटीनवर चुकीच्या जागी फॉस्फेट बसवतात. निरोप मंदावतो. आणि पेशीतल्या भट्ट्या, मायटोकॉन्ड्रिया, यांच्याकडे जळण भरपूर आणि मागणी नाही. मग इलेक्ट्रॉन गळतात, ऑक्सिजनचे चावरे रेणू तयार होतात. ते जे सापडेल त्याला चिकटतात. वाहक प्रोटीनंसुद्धा सापडतात. वर आली तरी मग काम नीट करत नाहीत.

"आधी कुठलं होतं, चरबीचं की ऑक्सिडेशनचं, यावर अजून वाद आहे," बाई म्हणाल्या. "पण याला वर्षं लागत नाहीत. काही दिवसांत सुरू होतं. साखर लगेच वाढत नाही, कारण स्वादुपिंड दुप्पट इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. म्हणून हा आकडा बघा, चोवीस. तुमचं शरीर ओरडून बोलत होतं आणि स्नायू ऐकत नव्हता."

ऑक्सिडेशन मी रोज बघते. गोळी चाळीस डिग्रीला, दमट हवेत ठेवायची, दोन वर्षांनी काय होणार ते सहा महिन्यांत बघायचं. आलेखावर मुख्य शिखराच्या बाजूला छोटं शिखर उगवतं. माझी सही असते त्यावर.

विचारलं, परत येतं का?

"बहुतेकांचं येतं. खराब प्रोटीन मोडून नवी बनतात, साठलेली चरबी जळते. नेहमीचं जेवण, उपास नको. रोज चाला. चालताना स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघता साखर घेतो. सहा आठवड्यांनी परत तपासू. पण तुमच्या वडिलांचं लक्षात ठेवा. तुमचं किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाही."

सहा आठवडे. हरेशचे बारा डायलि.

९ सप्टेंबर

आईला काय सांगायचं हे मी ठरवतच होते. प्रदीपने आधी सांगितलं. सकाळी तिने दुधाचा पेला पुढे केला आणि तो म्हणाला, "आई, बस करा आता. याच्यामुळेच रिपोर्ट बिघडला."

आवाज चढवला नाही त्याने. तरी.

आई पेला घेऊन उभी. मग ओट्यावर ठेवला. "माज्यामुळं?"

"कुणामुळे नाही आई," मी म्हटलं. "मी खाल्लं."

दुपारी कामावरून फोन केला तर सई म्हणाली, आजी दांडीला गेली. लाडवांचा डबाही घेऊन गेली. भाकरी करून ठेवली होती, झाकून. दोनच.

१३ सप्टेंबर

चालते. स. साडेपाच, पाऊण तास. सं. परत अर्धा तास. एमआयडीसीच्या रस्त्याने नको, धूर. तळ्याच्या बाजूने. पाय जड. जेवण पूर्वीसारखं. तरी पहिले चार दिवस रात्री भुकेने जाग आली. महिनाभरात पोटाला सवय लागली होती.

प्रदीपशी बोलणं जेमतेम. काल म्हणाला, "तुला वाटतं मी वाईट माणूस आहे."

मी म्हटलं, "नाही."

"सईला आई एकच आहे. एवढंच माझ्या डोक्यात असतं. शाळेत मुलांना शिकवताना पण."

मी झोपलेल्या सईची चादर नीट केली.

१९ सप्टेंबर

बाबांची तिथी. दांडीला गेले. आईने पान वाढलं, कावळा लगेच आला. मी जेवायला बसले तर आईने माझं ताट वाढलं नाही. वर्षाला म्हणाली, "तू वाढ. मी नाय."

नंतर ती पडवीच्या बाहेर वाळत घातलेले बोंबील सारखे करत बसली, आज ऊन होतं. मी शेजारी बसले. मीही बोंबील सरळ करायला घेतले. मग बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुज्या बापाला मी भाकर मोजून दिली. डाक्टर बोलला म्हणून. तो मागायचा, मी देत नव्हते. शेवटच्या दिवशी पण मागली त्यानं. हरेशला आता पाणी मोजून देते. घरात एक तूच ऱ्हायलीस जिला मोजून द्यायला लागत नव्हतं."

हातातला बोंबील तिने परत परत सरळ केला.

"मला ठावं असतं तर..."

मी म्हटलं, आई, मला ठाऊक होतं.

तिला वाटलं मी समजूत घालते आहे. डोक्यावरून हात फिरवला.

२० सप्टेंबर

काल बोलले ते इथे नीट लिहून ठेवते, नाहीतर मीच उद्या म्हणेन तसं नव्हतं.

मला ठाऊक होतं. रेणूंचं सगळं नव्हतं ठाऊक. पण बी.एस्सी. झालेली बाई, बाबांची मुलगी, महिनाभर असं खाऊन साखरेच्या चाचणीला बसते, तिला काहीच कळत नाही असं कसं होईल? सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, नेहमीचं जेवण ठेवा, नेहमीची हालचाल ठेवा. ते वाचून मी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी पाच मोदक.

मुद्दाम केलं? नाही. तसंही नाही. ठरवलं नव्हतं. आई वाढत होती आणि मी थांबवत नव्हते. थांबवलं असतं तर तारीख आली असती.

याला काय म्हणतात मला माहीत नाही.

२५ सप्टेंबर

गुरुवार. हरेशसोबत मी गेले डायलि.ला, वर्षाला ताप. हॉलमध्ये आठ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. हरेशच्या हातात दोन सुया, नळ्यांतून रक्त जातं, येतं. पहिल्या तासात तो बोलतो, मग गारठतो, चादर घेतो.

त्याला सांगितलं. सगळं. कागदाचं, मोदकांचं, नापास झाल्यावर पहिलं काय वाटलं तेही. शेजारच्या खुर्चीतले काका झोपले होते. मी नळ्यांकडे बघत बोलत होते.

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "तू घाबरलीस?"

"हो."

"मला वाटलं घाबरत नायस. फोनवर बोलायचीस ना, चार दिवसांत घरी येईन, टाके भरले की झालं. मला वाटायचं मीच एकटा घाबरतो. कुणाला सांगू, तूच देणार, तुलाच कसं सांगू."

"तुला कशाची भीती?"

"तुला काय झालं तर. आणि नाय दिलीस तर. दोन्ही."

थोड्या वेळाने चादर वर ओढून घेत म्हणाला, "नको वाटलं तर नको देऊस, ताई. पण खाऊन नको सांगूस. तोंडानं सांग."

राग नव्हता आवाजात. म्हणून जास्त लागलं.

मशीनने शिट्टी दिली, सिस्टर आली, बटण दाबून गेली.

परत येताना गाडीत तो झोपला. डोकं माझ्या खांद्यावर. वजन किती कमी झालंय त्याचं.

४ ऑक्टोबर

वजन दीड किलो उतरलं. जिना चढायला सोपं जातं. दुपारची झोप गेली. शबाना म्हणते, "मॅडम, परत बारीक झालात." तिला वाटतं डाएट.

प्रदीप आज सकाळी चालायला आला सोबत. स्वतःहून. परतताना विचारलं, "समज पास झालीस. तर देणार?"

"हो."

"घाबरतेस तरी?"

"घाबरते तरी."

पुढे चालत राहिला. मी दमले तेव्हा थांबला मात्र.

९ ऑक्टोबर

वर्षाचा फोन, दुपारी. हरेशला रात्री दम लागला, पालघरला दाखल केलं. फुप्फुसात पाणी. मधल्या दोन दिवसांत पाणी जास्त प्यायला, असं डॉक्टर म्हणाले.

भेटले. ऑक्सिजन लावलेला. मास्क बाजूला करून म्हणाला, "उकडत होतं गं. एक तांब्या प्यायलो. एकच."

आई बाहेर बाकड्यावर बसली होती. तिने तांब्या भरून दिला होता का, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

मी तिच्याजवळ बसले. बरोबर दोन भाकऱ्या आणि सुका जवळा नेला होता. तिने एक खाल्ली. दुसरी मला दिली. आम्ही खाल्लं.

१३ ऑक्टोबर

हरेश घरी. आता आठवड्याला तीनदा डायलि. हात काळा-निळा.

समन्वयक बाईंना मी स्वतः फोन केला. परत चाचणीची १६ तारीख पक्की. सूचनांचा कागद परत मागवला. छापून घेतला, फ्रिजवर लावला. तसंच्या तसं करते आहे.

१६ ऑक्टोबर

चाचणी. एकटी गेले, प्रदीपच्या शाळेत सत्र परीक्षा. ग्लुकोजचं पाणी, दोन तास. समोर एक बाई तिच्या नवऱ्याला देणार होती. आम्ही एकमेकींना नाव विचारलं नाही.

१८ ऑक्टोबर

उपाशीपोटी ९१. दोन तासांनी १२८. इन्सुलिन ११.

डॉक्टरबाई फोनवर: "स्नायू ऐकायला लागला परत. चांगलं केलंत."

मी विचारलं, अकरा म्हणजे पूर्वीइतकं?

"पूर्वीचं आपल्याकडे नाही ना. जुलैमध्ये इन्सुलिन कुणी तपासलंच नव्हतं. तुमचं मूळ कदाचित सहा असेल, कदाचित अकराच असेल." कागद चाळल्याचा आवाज आला. "मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे की आकडे मर्यादेत आहेत. हेही लिहिणार आहे की महिनाभराच्या ओझ्याखाली तुमचं शरीर लवकर वाकलं. वडिलांचा इतिहास आहे. पुढे तुम्हाला मधुमेह होईलच असं नाही. झाला तर तेव्हा एकच किडनी असेल. निर्णय टीम घेईल. आणि तुम्ही."

दांडीला फोन केला. आईने उचलला. पास झाले म्हटलं. ती रडली नाही. म्हणाली, "काय खाल्लंस आज?" आणि लगेच, "नाय, ऱ्हाऊ दे. सांगू नको."

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळ शेजारणींचाच, चवीपुरता.

हॉस्पिटलमध्ये आज मला एकटीला एका खोलीत बसवलं. समुपदेशक, तरुण मुलगी. दार लावून घेतलं. म्हणाली, "इथे बोललेलं घरच्यांना कळणार नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर आम्ही वैद्यकीय कारण सांगू. कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

म्हणजे अशी सोय असते. मला माहीत नव्हतं. बारा मोदकांऐवजी एक वाक्य पुरलं असतं.

तिला म्हटलं, द्यायची आहे.

"कुणाचा दबाव?"

"नाही."

"भीती वाटते?"

"वाटते. लिहा तेही."

तिने लिहिलं. मी वाचून सही केली.

निघताना तिने दुसरा कागद दिला. नवऱ्याची संमती. त्याला समजावून सांगितलं आहे, धोके कळले आहेत, हरकत नाही. तो घेऊन दोघांनी मंगळवारी टीमसमोर यायचं.

२६ ऑक्टोबर

कागद दोन दिवस टेबलावर, खाली माझे दोन्ही रिपोर्ट. मी आठवण करून दिली नाही. त्यानेही विषय काढला नाही.

आज सं. मी चालून आले तर प्रदीप टेबलाशी. चष्मा लावलेला. सप्टेंबरचा रिपोर्ट डावीकडे, ऑक्टोबरचा उजवीकडे. पेन्सिलीने आकड्यांखाली रेघा. सई खाली अंगणात होती, मुलींचा आवाज येत होता.

"बस," म्हणाला. "इथं खाली लिहायचंय, मला समजावून सांगितलं आहे म्हणून. मला समजलेलं नाही. तिथे डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा मी ऐकत होतो असं दिसलं असेल, पण मी ऐकत नव्हतो. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणू देत."

मी बसले.

"चोवीसचे अकरा झाले. मध्ये काय झालं?"

सांगितलं. कागद उलटा करून काढलं, पेशी, बाहेरचं प्रोटीन, निरोप, वाहक. तो मुलांसारखे प्रश्न विचारत होता. फॉस्फेट चुकीच्या जागी बसतं म्हणजे कुठे? खराब झालेलं वाहक काढतं कोण? नवं बनायला किती दिवस? काहींची उत्तरं मला आली. काहींना म्हटलं, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही.

"आणि वीस वर्षांनी? तू अठ्ठावन्नची, एक किडनी. तेव्हा हा आकडा काय असेल?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"नाही सांगता येत, प्रदीप. चालत राहिले, नीट खाल्लं, तर चांगला असेल. किंवा नसेल. दोन किडन्या असल्या तरी हेच उत्तर आहे."

"दोन असल्या तर मला एवढी भीती वाटणार नाही."

"हो. ते खरं आहे."

त्याने चष्मा काढला, डोळे चोळले, परत लावला. संमतीचा कागद जवळ ओढला, पण पेन तसंच टोपण लावलेलं. पेन्सिलीचं टोक माझ्या चित्रावर ठेवलं, जिथे इन्सुलिन बाहेरून येऊन बसतं तिथे.

"परत एकदा सांग. इथपासून. सावकाश."

मी खुर्ची जवळ घेतली आणि सांगायला लागले.